मनगटातली फट

न्हाणीघरामागे चिऱ्यांची एक जुनी टाकी आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या वीतभर वर, पांढऱ्या फेसाचा एक गोळा चिकटलेला दिसला. वहिनी खराटा घेऊन निघालीच होती. मी बलकांवातून, म्हणजे ओसरीतून, ओरडले, तेव्हा कुठे ती थांबली. तो फेस म्हणजे झाडावरच्या बेडकाचं घरटं. अंडी घालताना मादी मागच्या पायांनी घुसळून तो तयार करते. काही दिवसांनी तो पाघळतो आणि आतली पिल्लं टपटप पाण्यात पडतात.

तीस वर्षं मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. बेडकाचं जीवनचक्र फळ्यावर किती वेळा काढलं असेल त्याला गणती नाही. गोल बाणांचं ते चित्र डोळे मिटून काढता येतं. पण खऱ्या टाकीशी रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन बसायची वेळ निवृत्तीनंतर आली. शेजारीण कुंपणावरून विचारते, "कितें पळयता गो?" मी म्हणते, "बेबे." म्हणजे बेडूक. ती हसते. आमच्याकडे गोव्यात पहिल्या पावसात कोणी बेडकांकडे टॉर्च मारत असेल, तर त्याचा अर्थ एकच घेतला जातो. बेडकाच्या मांसाला 'जंपिंग चिकन' हे नाव ज्याने काढलं तो विनोदी असेल, पण १९७२च्या वन्यजीव कायद्याला तो विनोद कळत नाही. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात देशाने १९८७ मध्ये बंद केली, तरी पावसाळ्यात रात्री शेतात दिवे फिरताना दिसतातच. तर मी पाय बघत होते, तेही बेडकांचेच. फक्त माझे होते तांदळाच्या कणीएवढे.

त्या कणीपर्यंत पोचायला जुलै उजाडला. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना आधी नुसता एक फुगवटा येतो, मग तो टोकाशी चपटा होतो, मग गुडघा, आणि एक दिवस बोटं मोजता येतात. सगळं इतकं हळू, की रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही आणि दोन दिवस गावाला जाऊन आलेल्याला धक्का बसतो. पुढच्या पायांचं उलट. त्यांचा पत्ताच नसतो. मग एका सकाळी ते एकदम असतात, कोपरासकट, बोटांसकट, पूर्ण तयार.

वर्गात मी सांगायचे, 'आधी मागचे पाय येतात, मग पुढचे.' पुस्तकात तसंच होतं. पण ते खरं नाही, निदान पुरतं खरं नाही. पुढचे पायही वाढतच असतात, फक्त कल्ल्यांवरच्या पडद्याआड, आपल्याला न दिसता. बाहेर यायची वेळ निराळी, घडायची वेळ निराळी. तीस वर्षांत एकाही पोराने यावर शंका काढली नाही. मीही काढली नाही, हे जास्त वाईट.

हा सगळा कारभार थायरॉइडच्या हाती असतो, हे कळलं त्याची गोष्ट मला आवडते. १९१२ मध्ये गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खायला घातली. त्यांना वेळेआधीच पाय फुटले, शेपट्या गेल्या आणि अगदी चिमुकले बेडूक तयार झाले. पुढे इतरांनी उलटं केलं, ग्रंथीच काढून टाकली. ते बेडूकमासे नुसते मोठे मोठे होत गेले, बेडूक काही झाले नाहीत. म्हणजे वाढणं आणि वयात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींपासून सुट्या करता येतात.

मला त्याहून नवल वाटतं ते पुढच्या भागाचं. संप्रेरक एकच, रक्त एकच. त्याच रक्ताने पाय वाढतो आणि शेपटी मरते. पाय थोडक्या संप्रेरकालाच जागा होतो. शेपटी मात्र पातळी पुष्कळ चढेपर्यंत दाद देत नाही. हुकूम सगळ्या अंगात एकदमच फिरतो, पण तो कधी ऐकायचा हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. पायांच्या आधी शेपटी विरली असती तर पिल्लू पाण्यात नुसतंच लोंबकळत राहिलं असतं.

टाकीतलं हे सगळं चालू असताना घरात बाबूचं प्रकरण उभं राहिलं.

बाबू माझा भाचा, दादाचा मुलगा. चौदा वर्षं दोन महिने. डावा पाय चांगला, डोकं त्याहून चांगलं, आणि अंगाने काडी. जुलैमध्ये शाळकरी फुटबॉलच्या स्पर्धा सुरू होतात. त्याआधी संघातल्या सगळ्यांच्या मनगटांचे एक्स-रे फोटो काढून आणा, असं प्रशिक्षकांनी सांगितलं. गोव्यात फुटबॉल आणि जन्मदाखला यांचं नातं जरा नाजूक आहे. पंधराखालच्या सामन्यात मिशी फुटलेला बचावपटू दिसला की प्रेक्षकांतून शेरे येतातच. दाखल्यावरची तारीख बदलता येते, हाडावरची येत नाही, असा सगळ्यांचा समज. तो बराचसा खरा आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्यांच्या विश्वचषकाचे काही सामने फातोर्ड्याला झाले. इराणने जर्मनीला ४-० हरवलं तेव्हा सहा वर्षांचा बाबू दादाच्या खांद्यावर बसून ओरडत होता. या स्पर्धेसाठी फिफा २००९ पासून खेळाडूंच्या मनगटाचं एमआरआय करते. आपलं क्रिकेट मंडळही सोळाखालच्या मुलांचा डाव्या मनगटाचा एक्स-रे बघतं.

फोटो आला तो दादाने माझ्याच हातात दिला. घरात मास्तरीण असली की अशी कामं तिच्या वाट्याला येतात. बाहेर पाऊस धरलेला, तरी बलकांवाच्या खिडकीत पुरेसा उजेड होता. मी फिल्म काचेला लावून धरली. बाबू माझ्या खांद्यावरून बघत होता.

"आत्या, हे इथे मोडलंय काय?"

त्याचं बोट अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर होतं. मनगटाच्या थोडं अलीकडे एक काळी आडवी रेघ. तिच्या वर हाडाची एक चपटी टोपी, खाली लांब हाड, आणि मधे काहीच नाही.

"मोडलं नाही रे. अजून जुळलं नाही."

ती फट रिकामी नसते. तिथे कूर्चेची चकती असते, आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. याच चकतीत हाड लांब होतं. पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या उभ्या रांगांत रचलेल्या असतात. टोपीच्या बाजूच्या पेशी विभागत राहतात, चळतीच्या खालच्या पेशी फुगतात, आणि फुगून गेलेल्यांच्या जागी हाड भरतं. अंगठ्याच्या बाजूचं हे हाड जेवढं वाढतं, त्यातला सुमारे ७५ टक्के भाग या मनगटाकडच्या एकट्या चकतीचा. कोपराकडची चकती उरलेलं काम बघते.

मी त्याला मनगटातली बारकी हाडंही मोजायला लावली. ती आठ असतात. जन्मलेल्या बाळाच्या फोटोत एकही दिसत नाही, सगळी कूर्चाच. पहिल्या काही महिन्यांत मधली दोन उगवतात, मग एकेक करत बाकीची, आणि सगळ्यांत शेवटी करंगळीच्या बाजूचं वाटाण्याएवढं हाड, साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास. बाबूची आठही होती. शेवटचं मात्र नुकतंच आल्यासारखं अंधुक.

डॉक्टरांनी अहवालात हाडांचं वय साडेबारा लिहिलं होतं.

म्हणजे बाबू खोटं बोलत नव्हता हे सिद्ध झालं. आणि तो लहान आहे हेही. प्रशिक्षकांनी फोटो बघून मान डोलावली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, पुढच्या वर्षी बघू, अंगात थोडं येऊ दे. वय चोरणारा पकडायला लावलेल्या सापळ्यात जो चोरत नव्हता तोच सापडला. दादा संतापला, वहिनीने दुधात काहीतरी भुकटी घालायला सुरुवात केली, आणि बाबू दोन दिवस कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी टाकीपाशी येऊन बसला. त्याने मला एकच प्रश्न विचारला. "आत्या, तुझा पण फोटो असेल ना? तुझ्यात फट कुठे आहे?"

माझ्यात नाही. उजव्या हातात तर ती अकराव्या वर्षीच गेली.

एप्रिल संपत आलेला, काजूचे दिवस. आमच्या डोंगरीवर बोंडू गोळा करायला आम्ही सगळी पोरं जायचो. खाली पडलेलेच वेचायचे असा नियम होता, आणि म्हणून मी वर चढले होते. फांदी मोडली. खाली जांभा. उजवा तळहात टेकून पडले ते आठवतं, आणि बोंडवांच्या वासाने अजून कधी कधी मनगटात कळ येते तीही आठवते, ही दुसरी मात्र बहुधा मनाची. आधी हाडवैद्याकडे नेलं. त्याने ओढून बसवलं, पाला बांधला. सूज उतरेना म्हणून आठवड्याने शहरातल्या एका डॉक्टरांकडे. त्यांनी प्लास्टर घातलं, दीड महिन्याने काढलं, आणि 'छान जुळलं' म्हणाले. छानच जुळलं होतं. जे जुळायला नको होतं, तेही जुळलं होतं.

ते दिसायला दोन वर्षं लागली. मनगटात दोन हाडं शेजारी शेजारी असतात. अंगठ्याकडच्या हाडाची चकती पडण्यात चिरडली आणि तिथे हाडाचा पूल बनला. ते हाड थांबलं. करंगळीकडचं थांबलं नाही. त्याला शेजाऱ्याचं काही कळलंच नाही. ते आपल्या वेळापत्रकाने वाढत राहिलं, आणि तेराव्या वर्षी माझ्या मनगटावर करंगळीच्या बाजूला एक टेंगूळ आलं, हात किंचित अंगठ्याकडे कलला. दोन हाडांत दीड सेंटिमीटरचा फरक.

लग्नात चुडा भरायला कासार आला होता. डावा हात पटापट भरला. उजव्यावर हिरव्या बांगड्या पंज्यावरून उतरायच्या आणि त्या टेंगळावर अडायच्या. त्याने साबण लावला, खोबरेल लावलं, माझा अंगठा तळहातात दुमडून दाबला. दोन फुटल्या. बायका गप्प झाल्या. चुडा भरताना काकण फुटणं म्हणजे काय ते कोणी मोठ्याने बोललं नाही. कासार म्हातारा आणि शहाणा होता. त्याने मनगट उलटं-सुलटं करून बघितलं, अंगठ्याने ते टेंगूळ चाचपलं आणि म्हणाला, "हें हाड फुडें गेलां." मग एक माप मोठ्या बांगड्या काढल्या. मला वैद्यकातलं जे निदान पुढे चाळिशीत कळलं, ते त्याने चार शब्दांत सांगितलं होतं. त्याचं एकच चुकलं. ते हाड पुढे गेलं नव्हतं, ते वेळेवरच होतं. मागे राहिलं होतं शेजारचं.

तेव्हापासून मला प्रश्न पडलेला आहे की हाडाला हे सांगतं कोण. थांब म्हणून, चल म्हणून. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं, की याच प्रश्नावर कोंबडीच्या अंड्यांत खिडक्या पाडून लोकांनी पाऊणशे वर्षं घालवली आहेत.

अंडं उबवायला ठेवलं की एकविसाव्या दिवशी पिल्लू निघतं. तिसऱ्या दिवशी पंखाच्या जागी एक अंकुर दिसतो, आणि त्याच्या टोकावर कातडीची एक बारीक उठावाची कड असते. १९४८ मध्ये जॉन सॉन्डर्स यांनी ती कड सुईने काढून टाकली. पंख अर्धवट राहिला. यात नवल नाही. नवल असं, की कड लवकर काढली तर नुसतं दंडाचं थोटूक बनायचं, आणि उशिरा काढली तर कोपर, पुढचा हात सगळं बनून फक्त बोटं राहायची. म्हणजे पंख खांद्यापासून टोकाकडे ओळीने लिहिला जातो. कात्री कधी लावली त्यावर वाक्य कुठे तुटणार ते ठरतं.

याच सॉन्डर्स यांनी आणखी एक खोडी केली. पायाच्या अंकुरातून, जिथे पुढे मांडी होणार तिथला तुकडा काढून त्यांनी पंखाच्या टोकाशी कडेखाली बसवला. मांडी झाली नाही. पंखाचं बोटही झालं नाही. झाली ती नख्या असलेली पायाची बोटं. त्या तुकड्याला आपण पायाचे आहोत हे पक्कं माहीत होतं, पण मांडीचे आहोत हे अजून ठरलं नव्हतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर कुळागराकडे, माडा-पोफळींच्या बागेकडे, बघत बसले होते.

१९७३ मध्ये लुईस वॉलपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक कल्पना मांडली. वॉलपर्ट मुळात स्थापत्य अभियंता, त्यामुळे असेल, उत्तर सुटसुटीत होतं. कडेच्या लगत एक पट्टा आहे. पेशी त्या पट्ट्यात किती वेळ राहिली त्यावर ती कोण होणार ते ठरतं. लवकर बाहेर पडली तर दंड, उशिरा पडली तर बोट. जागा मोजायची गरजच नाही, वेळ मोजला की पुरे. कल्पना इतकी देखणी होती की पुस्तकांत जाऊन बसली. मीही शिकवली. २००२ मध्ये तिच्यावर गंभीर शंका निघाल्या, आणि २०११ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं की खांद्याकडचा भाग वेळेने नाही, तर धडाकडून येणाऱ्या निरोपाने ठरतो. तो निरोप म्हणजे रेटिनॉइक आम्ल, 'अ' जीवनसत्त्वाचं भावंड.

इथे एका बाईंबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. प्रियंवदा मोहंती-हेजमाडी, भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, आणि ओडिसी नर्तिकाही. त्यांनी बेडूकमाशांच्या शेपट्या कापून त्यांना 'अ' जीवनसत्त्वाच्या द्रावणात ठेवलं. शेपटीच्या जागी शेपटी यायला हवी होती. आले पाय. एकाच्या पाठीमागे पायांची जुडी. १९९२ मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं. सारा जन्म पावलं टाकण्याचा अभ्यास केलेल्या बाईच्या हातून शेपटीला पाय फुटावेत, यात मला उगाचच एक गंमत वाटते. शास्त्रात हिला किंमत नाही, पण ललित लेखात चालावी.

तर वॉलपर्ट खोटे ठरले का? तसंही नाही. २०१५ मध्ये शेफील्ड विद्यापीठात मॅथ्यू टॉवर्स यांच्या गटाने वेगवेगळ्या वयांच्या अंकुरांची टोकं एकमेकांवर लावून बघितली. कलम केलेला तुकडा ओळखू यावा म्हणून तो हिरवा चमकणारा घेतला होता. नव्या घरात गेल्यावर तो तिथल्या वयाशी जुळवून घेईल की आपलंच वय धरून बसेल? तो आपलंच धरून बसला. पेशी किती वेगाने विभागायच्या, हाताच्या पंज्याचं जनुक कधी चालू करायचं, सगळं त्याच्या जुन्या वेळेने. आजूबाजूला कोणाचं काय चाललंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. म्हणजे खांदा-दंडापर्यंत धड हाका मारतं. अंकुर लांब गेला, हाक ऐकू येईनाशी झाली, की टोकाचं आपलं घड्याळ चालू होतं.

पंज्याचं ते जनुक म्हणजे हॉक्सए-१३. शरीराचा कोणता भाग कुठे ते ठरवणारी ही हॉक्स जनुकं गुणसूत्रावर ओळीने उभी असतात आणि बहुतेक त्याच ओळीने जागी होतात, नवव्या-दहाव्यापासून तेराव्यापर्यंत. आमच्या घरापासून मंगेशी जवळ. तिथला सात मजली दीपस्तंभ बघताना मला ही ओळ आठवते. खालच्या मजल्यापासून पणत्या लावत वर जावं, आणि शेवटचा मजला उजळला की हाताला बोटं आली. घड्याळ हा शब्द मात्र मी जपून वापरते. आत काटा नाही, टिकटिक नाही. किती वेळा विभागलो, कोणतं जनुक उघडलं, याचाच हिशेब. शास्त्रज्ञांना घड्याळ म्हणणं सोयीचं जातं. मला ते जपमाळेसारखं वाटतं. दिवस मोजत नाही, मणी मोजते.

याची दुसरी टोकं बघायला मांडवीच्या तोंडाशी जावं. पर्यटकांच्या होड्या ज्या डॉल्फिनांमागे धावतात, त्यांच्या वल्ह्यासारख्या हातांत बोटं आहेत, आणि काही बोटांत आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त पेरं. आपल्या बोटांना तीन पेरं झाली की काम थांबतं, त्यांचं लांबतं. मागच्या पायांचं उलट. ठिपकेवाल्या डॉल्फिनच्या भ्रूणात मागच्या पायांचे अंकुर खरोखर येतात, टोकाला ती कडही येते. पण सॉनिक हेजहॉग नावाचा निरोप तिथे निघत नाही, आणि अंकुर विरून जातात. २००६ मध्ये हे छापून आलं. होडीवाला 'पळे, पळे' म्हणून बोट दाखवतो तेव्हा पाठीवरचा पंख दिसतो, आणि मी मनात पाय शोधत असते.

भ्रूणातलं हे सगळं आठ आठवड्यांत आटपतं. माणसाच्या हाताचा अंकुर चौथ्या आठवड्यात येतो, पायाचा एक-दोन दिवसांनी, आणि आठवा आठवडा संपताना बोटं सुटी झालेली असतात. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं काम उरतं ते फक्त लांब होण्याचं, म्हणजे बाबूच्या मनगटातल्या फटीचं. तिथेही मणी मोजायची तीच सवय टिकून आहे का, हे मला शोधायचं होतं.

आहे. १९९४ मध्ये एक प्रयोग झाला. सशाच्या एकाच पायाच्या एकाच चकतीत वाढ मंदावणारं औषध सोडलं. दुसऱ्या पायाला काही नाही. तो पाय मागे पडला. औषध थांबवल्यावर ती चकती नुसती पूर्ववत झाली नाही, दुसऱ्या पायापेक्षा वेगाने वाढू लागली. रक्त तर दोन्ही पायांत एकच होतं, त्यामुळे ही आज्ञा वरून आलेली नव्हती. चकतीनेच ठरवलं होतं. त्यावरून निघालेला अर्थ असा, की चकती वर्षं मोजत नाही, झालेल्या विभागण्या मोजते. काम झालं नाही तर वय वाढत नाही. खर्ची न पडलेले मणी शिल्लक राहतात.

आणि फट बुजते कधी, त्याचंही उत्तर त्याच वर्षी एका माणसाने दिलं. अठ्ठावीस वर्षांचा पुरुष, उंची २०४ सेंटिमीटर, आणि अजून वाढतच होता. त्याच्या हाडांचं वय होतं पंधरा. त्याच्या शरीरात पुरुषी संप्रेरकं ठीक होती. बिघाड इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या जनुकात होता. बायकांचं म्हणून जे संप्रेरक आपण शिकवतो, त्याच्याशिवाय पुरुषाच्याही हाडाला थांबता येत नाही. इस्ट्रोजेन चकतीची माळ भराभर ओढून संपवतं. मुली आधी उंच होतात आणि आधी थांबतात, ते यामुळेच.

हे सगळं मी बाबूला एका बैठकीत सांगितलं नाही. चौदा वर्षांच्या मुलाला 'इस्ट्रोजेन' हा शब्द ऐकवणं म्हणजे त्याला उठून जायला निमित्त देणं. मी त्याला फक्त दोन फोटो शेजारी लावून दाखवले, त्याचा डावा आणि माझा उजवा. माझा चाळिशीतला, जुना, कडांना पिवळा पडलेला. त्याने माझ्या टेंगळावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या रेघेवर. म्हणाला, "म्हणजे तेव्हा तुझ्या या हाताचा फोटो काढला असता तर तुला अठराची ठरवलं असतं?"

हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. फोटो डाव्याच हाताचा काढतात याचं कारण असं सांगतात, की बहुतेक लोक उजवखोरे, त्यामुळे डाव्याला इजा कमी. काजूवरून पडलेली अकरा वर्षांची मुलगी, उजव्या मनगटात अठरा वर्षांची, डाव्यात अकराची. दोन्ही हातांनी दप्तर उचलून शाळेत जायची.

"ठरवलं असतं," मी म्हटलं.

"मग मी वीस वर्षांचा झालो तरी वाढेन?"

"वीस नाही. पण तुझ्या संघातले ते मिशीवाले थांबतील, तेव्हा तू थांबलेला नसशील."

वचन दिलं नाही. किती वाढेल ते मला ठाऊक नाही, त्याच्या आजोबांच्या उंचीकडे बघून मी आशाही फार वाढवली नाही. वहिनीने दुधातली भुकटी चालूच ठेवली आहे. प्रशिक्षकांना दादा एकदा जाऊन भेटून आला. काय बोलणं झालं ते सांगत नाही. बाबू आता सरावाला जातो, राखीव बाकावर बसतो, आणि संध्याकाळी टाकीवर येऊन मला गोलांचा हिशेब देतो.

काल रात्री पाऊस थांबला होता. टाकीत आता थोडीच पिल्लं उरली आहेत, बाकीची भिंत चढून गेली. बाबूने टॉर्च धरला आणि एकदम माझं मनगट पकडलं. एक पिल्लू चिऱ्याच्या कडेला टेकून तरंगत होतं. मागचे दोन्ही पाय लांब, शेपटी अजून पुरती. डावा हात बाहेर आलेला, चार बोटं दगडावर पसरलेली. डावा बहुतेकदा आधी येतो, त्या बाजूला कल्ल्याचं पाणी जायला भोक असतंच. उजवीकडे भोक नव्हतं. तिथे कातडीखाली एक टेंगूळ होतं, आणि टॉर्चच्या उजेडात ते टेंगूळ आतून हळूच ढकलल्यासारखं हलत होतं.

"कोपर आहे ते?" बाबूने विचारलं.

मी हो म्हटलं. त्याने टॉर्च विझवला नाही.